अहो, ऐकलंत का, नाना फेसबुकवर आलेत!

अहो, ऐकलंत का? या, अशा इकडे या. जास्वंदीपाशी नको, तिथलं नानांच्या पडवीत सगळं ऐकू जातं. ह्या शेवग्याखाली या. हं. आपले नाना फेसबुकवर आलेत!

हेच हो, आपले पोस्टातले नाना. मलाही खरं वाटलं नव्हतं. एके दिवशी सकाळी चहा गाळत होते, तर आमचे हे मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "अगं, नानांनी माझी रिक्वेस्ट घेतली." माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली आणि अर्धा चहा ओट्यावर. म्हटलं दाखवा, दाखवा आधी. तर फोटोत नाना नाहीतच! पोस्टाची लाल पेटी. नुसती पेटी, बाजूला माणूस ना कुत्रं. आणि खाली काय माहिती दिली असेल? कर्जत, 410201. संपलं. अहो, गावाचं नाव दिलंत ते एक वेळ ठीक, पिनकोड कोण घालतं फेसबुकवर?

तुम्हाला माहीतच आहे नानांचा स्वभाव. छत्तीस वर्षं दहिवलीपासून मुद्र्यापर्यंत सायकल मारली. कुणाच्या पोराला नोकरीचं पत्र आलं, कुणाच्या मुलीची पत्रिका परत आली, कुणाची मुंबईहून दरमहा येणारी मनीऑर्डर अचानक यायची थांबली, सगळं ह्या माणसाच्या हातून गेलेलं. पण शब्द? एक नाही! आमच्या सासूबाईंनी केवढे प्रयत्न केले. आल्याचा चहा करायच्या, पाट मांडायच्या, मग हळूच, "नाना, पलीकडे आज जाड पाकीट आलं वाटतं? कुणाचं हो?" नाना चहा संपवायचे, कप स्वतः विसळायचे आणि म्हणायचे, "ज्यांचं नाव लिहिलंय त्यांचं." सासूबाईंचा चेहरा असा उतरायचा... शेवटपर्यंत सांगायच्या ते.

मी एकदा विचारलं होतं. म्हटलं, नाना, पाकिटाचं सोडा, आंतरदेशीयही चिकटवलेलं असतं, पण पोस्टकार्ड तर उघडंच की हो. पन्नास पैशांत सगळ्या गावासमोर. वाचली असतीलच की थोडीफार? तर त्यांनी माझ्या हातातली रेशनची पावती घेतली, उलटी केली आणि अशी धरली. "कार्ड असं धरायचं असतं. पत्त्याची बाजू वर." बस. वर पावती परत दिली तीही पालथीच.

तर काय सांगत होते... हां. असा माणूस. मोबाइल घेतला तोही लेक नाशिकला गेली म्हणून. नंबर कुणाला देतील तर शपथ. पनवेलच्या त्या मोठ्या दुकानात आम्ही दोन्ही घरं मिळून गेलो होतो, आठवतंय? बिल करणारी पोरगी म्हणाली, "सर, मोबाइल नंबर?" नाना म्हणाले, "कशाला? मी साबण घेतलाय, तो मला फोन करणार आहे का?" मागे पंधरा माणसांची रांग. ती म्हणे सिस्टिम पुढे जात नाही. नाना म्हणे मलाही घाई नाही. नानी तर पार त्या पापडांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. आणि पुढे काय झालं, 2023 च्या मेमध्ये सरकारनेच दुकानदारांना सांगितलं की बिलासाठी गिऱ्हाइकाच्या नंबरचा आग्रह धरू नका म्हणून! ती बातमी नानांनी आमच्या ह्यांना वाचायला दिली. तोंडाने काही नाही. नुसता पेपर घडी करून, ती बातमी वर.

त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून कात्रणं लावलेली आहेत, माहितीये? मी बघितली नाहीत हो, नानींनी दाखवली. एक ते कर्नाटकातले निवृत्त न्यायमूर्ती, पुट्टस्वामी. शहाऐंशीव्या वर्षी कोर्टात गेले आधारच्या विरोधात. 2012 ची गोष्ट. आणि 24 ऑगस्ट 2017 ला नऊच्या नऊ न्यायाधीश एकमुखाने म्हणाले की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. एकानेही वेगळा सूर लावला नाही हो, आपल्या सोसायटीत नळाच्या वेळेवर एकमत होत नाही! नानी म्हणाल्या, त्या दिवशी नानांनी दोनदा जेवण वाढून घेतलं.

आणि दुसरं कात्रण पालघरचं. त्या दोन मुली, 2012 च्या नोव्हेंबरातल्या. बाळासाहेब गेले, बंद झाला, एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने, अहो, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं! दोघींना अटक. पुढे आयटी कायद्याचं ते कलमच, 66 अ, सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये रद्द केलं, पण पोरींना जे भोगायचं ते भोगून झालं ना. नानांच्या पुतण्याने एकदा त्यांच्यापुढे फेसबुकचा विषय काढला तर नाना एवढंच म्हणाले, "लाइक म्हणजे सही असते." मी तेव्हापासून लाइक करताना जरा... म्हणजे करते, पण देवाचं नाव घेऊन करते.

थांबा, शिट्टी झाली का माझी? तिसरी की दुसरी? दुसरी. होऊ दे.

मग तो व्हॉट्सॲपचा गोंधळ. 2021 चा जानेवारी. नवीन अटी मान्य करा नाहीतर बंद, असं आलं होतं ना सगळ्यांच्या फोनवर? 8 फेब्रुवारीची मुदत होती, मग ओरड झाली तशी 15 मेपर्यंत ढकलली. आपली सगळी गल्ली त्या सिग्नल ॲपवर गेली. मीही गेले. दोन दिवस सुप्रभात पाठवलं, उत्तर कुणाचं नाही, आले परत. सगळेच आले. नाना तेवढे गॅलरीत उभे राहून हसत होते. हसत म्हणजे, त्यांचं हसणं तुम्हाला माहितीये, मिशी जरा वर जाते.

आणि आपल्या गल्लीच्या ग्रुपची गंमत? तुम्ही तेव्हा माहेरी होतात वाटतं. कोपऱ्यावरच्या वहिनींनी नानांना न विचारताच ग्रुपात घातलं. लगेच सगळ्यांची फुलं, हात जोडलेले, "वेलकम नाना". चार मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं. चार मिनिटांनी करड्या अक्षरांत ओळ आली, नाना लेफ्ट! आईशप्पत सांगते, वहिनी दुपारी माझ्याकडे आल्या तेव्हा डोळे भरले होते. "मी काय केलं त्यांना?" मी म्हटलं काही नाही हो, त्यांना तसं आवडत नाही. तर म्हणे, "मग नवीन वर्षाचं कॅलेंडर कसं घेतात माझ्याकडून?" आता ह्याला काय बोलणार. नंतर पुतण्याने सेटिंग करून दिलं, आपल्याला ग्रुपात कोण घालू शकतं ते आपणच ठरवायचं. 2019 पासून सोय आहे म्हणे. मला नव्हतं माहीत. मी एकोणीस ग्रुपांत आहे, त्यातल्या सहांतले लोक कोण हेही मला माहीत नाही.

हं, तर मग आले कसे? तेच तर सांगतेय. त्याला कारण इर्शाळवाडी.

तो विषय खरं म्हणजे... पण सांगते. 19 जुलै 2023 ची रात्र. इथे आपल्याकडेही काय पाऊस कोसळत होता. चौक गावाच्या वर, गडाच्या पोटाशी वाडी, तिच्यावर दरड कोसळली. गाडीरस्ता नव्हता, माणसं अंधारात पावसात चढून गेली मदतीला. 27 जणांचे देह मिळाले, 57 जण मिळालेच नाहीत, तशीच शोधमोहीम थांबवली. आपल्या सगळ्यांच्या फोनवर रात्री-पहाटेपासून फोटो सुरू झाले. रडणाऱ्या बायका, चिखलातली पोरं. मीही पाठवले पुढे, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी नाना कुंपणाशी आले. स्वतःहून! मला वाटलं काही हवंय. म्हणाले, "त्या बाईचा फोटो आलाय तुमच्याकडे, तिला विचारलं होतं का कुणी?" मी काय बोलणार? फोन पदराखाली धरला नुसता. परत गेले.

पण त्या रात्री नानी म्हणतात नाना झोपलेच नाहीत. त्यांचे एक भाऊ होते, सख्खे नव्हेत, पोस्टातले. दोघे एकाच दिवशी नोकरीला लागलेले. भाऊंचं बीट चौकच्या बाजूला, राहायलाही तिकडेच. रिटायर झाल्यावर नंबर बदलला, नानांनी विचारला नाही, भाऊंनी सांगितला नाही, दोघेही एकाच माळेचे मणी. नाना नानींना पहाटे तीनला म्हणाले, "भाऊ कुठे असेल?" वाडीशी त्यांचा संबंध नव्हता म्हणा, ते खाली राहायचे. पण माणसाच्या मनाला काय...

मग नानांनी काय केलं असेल? पोस्टकार्ड टाकलं! जुन्या पत्त्यावर. आणि गणपतीच्या आधी ते परत आलं. नवीन पोस्टमन आहे ना, चष्मेवाला पोरगा, त्याने आणून नानांच्याच हातात दिलं. मी इथेच होते, कढीपत्ता तोडत. नानांनी बघितलं. कोपऱ्यात लाल शाईचा शेरा, लेफ्ट. पत्त्यावरचा माणूस सोडून गेला. छत्तीस वर्षांत असे किती शेरे स्वतः मारले असतील! ते पोरगं बिचारं "सॉरी काका" म्हणालं. नाना म्हणाले, "शिक्का नीट उमटलाय तुझा." आणि कार्ड पत्त्याची बाजू वर करून देवघराच्या खणात ठेवलं. ते नानींनी सांगितलं, मला आतलं कसं दिसणार.

त्यानंतर दीड वर्ष विचार केला त्यांनी. दीड वर्ष! आपण दीड मिनिटात सगळीकडे "अलाव" दाबून मोकळे. शेवटी शिमग्याला पुतण्या आला तेव्हा पडवीत बैठक बसली. पुतण्या तुम्हाला माहितीये, रोज कर्जत फास्टने ठाण्याला जातो, तासाच्या वर उभं राहून बोलायची सवय त्याची गेलेली, तरी त्या दिवशी घसा बसला त्याचा. जन्मतारीख टाका म्हटलं, तर नाना, "त्यांना माझी पंचाहत्तरी करायचीये का?" कॉन्टॅक्ट बघू द्यायचे का? नको. लोकेशन? नको. कॅमेरा? अजिबात नको. पुतण्या म्हणाला, "काका, मग तुम्ही येताय कशाला?" नाना म्हणाले, "एक पत्ता शोधायचाय."

आणि मग ती मज्जा झाली. अहो, खातं उघडून पाच मिनिटं नाही झाली तर खाली माणसांची रांग, पीपल यू मे नो! डॉक्टर, न्हावी, पतपेढीतले साहेब, कोपऱ्यावरच्या वहिनी, मी, आणि ते गुंडग्याचे चुलते, ज्यांच्याशी बांधावरून वीस वर्षं बोलणं नाही! नानांचा चेहरा... मी इथून बघितला हो, असा पांढरा झाला. "मी तर कुणाचं नाव दिलं नाही. ह्याला कुणी सांगितलं?" पुतण्याने समजावलं, काका, तुम्ही नाही दिलंत. पण ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर आहे, त्यांनी आपली सगळी डायरी फेसबुकला वाचू दिली की तुमचा नंबर तिथे आधीच जाऊन बसतो. तुम्ही दार लावून बसा, शेजाऱ्याच्या घरातून वाट आहे.

शेजाऱ्याच्या म्हटल्यावर नानांनी मान वळवली आणि सरळ कुंपणाकडे बघितलं.

मी कढीपत्ता तोडत होते. झाडावर पान उरलं नाही त्या दिवशी.

माझ्या फोनमध्ये आहेत ना ते. "नाना पोस्टवाले शेजारी" असं लिहून ठेवलंय, वर त्यांचा वाढदिवस पण टाकलाय, लक्षात राहावा म्हणून. चांगल्या मनाने केलं हो! आता छत्तीस वर्षं ज्या माणसाने गावाची गुपितं पोटात ठेवली, त्याचं माझ्या फोनमधून गेलं म्हणजे... सासूबाई असत्या तर हसून हसून पडल्या असत्या.

मला वाटलं आता फोन आपटतील. पण नाही. पुतण्याने त्यांना कोण काय बघू शकतं ते दाखवलं आणि नानांचे डोळे चमकले. म्हणे, हे तर आपलंच सॉर्टिंग! पब्लिक म्हणजे पोस्टकार्ड. फ्रेंड्स म्हणजे आंतरदेशीय. ओन्ली मी म्हणजे, म्हणाले, "पत्र लिहून टाकलंच नाही." आणि ते प्रोफाइलचं कुलूप, आपल्याकडे 2020 च्या मेमध्ये आलं ते, ते घातल्यावर तर खूशच. थैलीला लाख लावून मोहोर केल्यासारखं दोन-दोनदा तपासत होते.

मग शोध सुरू. भाऊंच्या नावाचे चाळीस जण. कुणाचा गुलाब, कुणाचे शिवाजी महाराज, कुणाचा महडचा वरदविनायक, माणसाचं तोंड कुठेच नाही. पुतण्या कंटाळून झोपला. नाना रात्री अकरापर्यंत बसले. नानी सांगत होत्या, एकदम उठून बसले आणि चष्मा पुसला. एका खात्यावर आंब्याच्या पेटीचा फोटो होता, कुणाला तरी पाठवायची असेल, वर जाड पेनने पत्ता. नाना म्हणाले, "हा चार भाऊचा." चारचा आकडा! वरून बंद करून काढलेला, शेपूट जरा लांब. नाव जुळलं म्हणून नाही, गाव जुळलं म्हणून नाही, आकड्यावरून माणूस ओळखला. आणि भाऊ होते कुठे? खोपोलीत, लेकीकडे! अहो, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. अर्ध्या तासाची लोकल. दीड वर्ष हा माणूस आकाशाकडे बघत बसला होता.

नानांनी काय मेसेज केला असेल? मी नानींना विचारलं. त्या म्हणाल्या, "कुलूप आहे." आता नानीही तसंच बोलायला लागल्या, काय करायचं!

हां, मधे ते फसवणुकीचं राहिलं. मागच्या महिन्यात आमच्या ह्यांना मेसेज, तीच लाल पेटी, तेच नाव, "हाय डिअर, अर्जंट पाच हजार पाठव, संध्याकाळी देतो." ह्यांनी मला दाखवलं. आम्ही दोघं इतके हसलो, इतके हसलो... नाना आणि हाय डिअर! त्या माणसाने चाळीस वर्षांत नानींना "अहो ऐकलंत का"च्या पुढे हाक मारली नाही. दुसरं कुणी असतं तर आमच्या ह्यांनी पाठवलेही असते पैसे, गेल्या वर्षी ह्यांच्या साडूंना बसलाच ना वीस हजारांचा फटका. नानांना दाखवलं तर ते शांतपणे आत गेले आणि 1930 ला फोन लावला. तो नंबर कात्रणांशेजारीच लिहून ठेवलेला. पैसे गेले नव्हते तरी कळवलं. मग म्हणाले, "पेटी माझी, टपाल खोटं."

आणि परवा रविवारी भाऊ आले. मी बघितले, पांढरा सदरा, हातात स्टेशनवरच्या वड्यांचं पुडकं. दोघे पडवीत बसले. मी म्हटलं आता बोलतील, किती वर्षांचं साचलेलं! कपडे वाळत घातले. घातलेले परत काढून झटकले, परत घातले. आमचे हे आतून ओरडले, "अगं, धुतेस की काय सगळे परत?" दोन तास, अहो, दोन तासांत एकदा नाना म्हणाले, "चहा?" आणि एकदा भाऊ म्हणाले, "पाऊस येणार." वडे संपले. मग भाऊ उठले, चपला घातल्या, गाडीची वेळ झाली म्हणाले. नाना त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेले, चालत. येताना काय खूश होते. मिशी पार कानापर्यंत.

मी म्हटलं, आता मूड आहे तर विचारून घ्यावं. ते अळूची पानं द्यायला कुंपणाशी आले, वडीची, त्यांच्याकडे किती मोठी होतात बघा. मी पानं घेतली आणि धीर करून म्हटलं, "नाना, मी पण रिक्वेस्ट पाठवली होती हो. शिमग्यातच."

नाना म्हणाले, "पोचली."

बस. पोचली! आत गेले. आमचे हे आहेत त्यांच्या यादीत, नाशिकची लेक आहे, पुतण्या आहे, भाऊ आहेत, तो चष्मेवाला पोस्टमन पोरगा पण आहे. अकरा जण आहेत सगळे मिळून, ह्यांच्या फोनवरून मोजले मी. माझी चार महिने झाले, अजून पेंडिंग आहे.